मधोमध आरसेवाली

“आमच्या लग्नाचा फोटो उंदरानं खाल्ला, मॅडम,” असं बलभीम सांगत होता, तेवढ्यात त्याची बायको कडूबाई आतून म्हणाली, “हाय की. ट्रंकेत तळाला.”

बलभीमचा चहा बशीतच राहिला. समोर पुरातत्त्व खात्याच्या अर्पिता मॅडम बसल्या होत्या. मुरुम शहराजवळच्या या गावातलं प्रत्येक घर पालथं घालून त्या इथवर आल्या होत्या. गावच्या महादेवाच्या देवळाबाहेर हातात आरसा धरलेल्या बाईची दगडी मूर्ती होती. गाव तिला आरसेवाली म्हणायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती चोरीला गेली आणि हात बदलत बदलत हॉलंडमधल्या एका संग्रहालयात जाऊन उभी राहिली. आता त्या संग्रहालयानं आपणहून कळवलं होतं, की मूर्ती चोरीची असेल तर परत देऊ. फक्त ती तुमच्याच गावची, हे दाखवणारा एखादा जुना फोटो पाठवा.

फोटो गावात पोत्यानं निघाले. लग्न लागलं की नवरा-नवरीनं आरसेवालीपुढं उभं राहून फोटो काढायचा, हे ठरलेलंच. घोटाळाही तिथंच होता. कुठं मूर्तीवर फेटा, कुठं बाशिंग, कुठं करवलीचं अख्खं डोकं. सरपंच गुंडाप्पांच्या फोटोत मूर्तीचं कोपर दिसतंय असं वाटलं, पण त्यांच्या मेव्हण्यानं ते आपलं असल्याचं कबूल केलं.

कडूबाईनं फोटो पदरानं पुसून मॅडमच्या हातात दिला. एका कडेला बलभीम, दुसऱ्या कडेला कडूबाई, आणि मधोमध आरसेवाली, पायातल्या पैंजणापासून अंबाड्यापर्यंत स्वच्छ.

“काकू, हाच हवा होता,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्ही इतक्या लांब का उभ्या?”

“ह्यांस्नी इचारा. मंगळसूत्र गळ्यात पडून घटका झाली नव्हती. नवऱ्याचा पयला शब्द काय, तर ‘सरक तिकडं’. सरकले.”

बलभीमनं मान खाली घातली. भाजीत मीठ जास्त झालं, पाहुण्यांकडं जायला उशीर झाला, कशावरूनही बोलाचाली झाली तरी शेवटी गाडी त्या ‘सरक तिकडं’वर यायची आणि बलभीम पायात चपला घालून शेताकडं निघायचा. म्हणून तर त्यानं फोटो ट्रंकेच्या तळाला, जुन्या वाकळांखाली दडपला होता. आता तो थेट परदेशी निघाला.

फोटो गेला आणि थोड्याच दिवसांत उलट निरोप आला. संग्रहालयाच्या लोकांना फोटोतल्या माणसांशी बोलायचं होतं. ग्रामपंचायतीच्या टीव्हीला मॅडमनी आपला लॅपटॉप जोडला. आत पाय ठेवायला जागा उरली नाही. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई आणि दोन पुरुष आले. बाई बोलली. मॅडमचा चेहरा उतरला.

“काका, त्यांना फोटो बनावट वाटतोय. म्हणतात, नवं जोडपं मध्ये एवढी जागा सोडून उभं राहत नाही. मूर्ती नंतर मध्ये घातली असेल.”

गुंडाप्पा बलभीमच्या कानाशी लागले. “रीत हाय म्हना.”

“आमच्यात तशी रीतच हाय,” बलभीम म्हणाला.

मॅडमनी निमूट भाषांतर केलं. पलीकडच्या बाईनं गावातले बाकीचे फोटो एकेक करून पडद्यावर लावले. मॅडमनीच ते सगळे पाठवले होते. सगळी जोडपी चिकटून उभी. एका नवऱ्यानं तर नवरीच्या खांद्यावर हात टाकला होता. तो नवरा गुंडाप्पा होता. गुंडाप्पा पंख्याकडं बघू लागले.

आता मूर्ती गेलीच, असं सगळ्यांना वाटलं. बाईनं बलभीमचा फोटो पुन्हा लावला आणि मोठा करत नेला. बलभीमची कंबर पडदाभर पसरली.

“त्या विचारताहेत, काकांनी मूठ कमरेवर अशी का आवळलीय?”

बलभीमनं मागं बघितलं. दाराशी बायांमध्ये कडूबाई उभी होती.

“पँट मामेभावाची व्हती,” तो म्हणाला. “लई ढिल्ली. पिना लावून बसवली व्हती. ऐन फोटोच्या वक्ताला एक पिन उघडली. मूठ सोडावी तर पँट खाली. आन् पिनंचं टोक नेमकं हिच्याकडं. टोचंल हिला, म्हनून म्हनलो, सरक तिकडं.”

ग्रामपंचायतीत हसण्याचा एकच गलका उठला. भाषांतर करताना मॅडमना स्वतःलाच हसू आवरेना. त्यांना दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पलीकडच्या बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. मग तिघंही फोटोवर वाकले. आवळलेल्या मुठीखाली चकाकणारा बारीक ठिपका त्यांना सापडला. बाई बराच वेळ बोलली.

“त्या म्हणतात,” मॅडमनी सांगितलं, “खोटा फोटो करणारा माणूस मूर्ती मध्ये घालील, पिन कशाला घालील? मूर्ती तुमचीच. कागदपत्रं झाली की पाठवतो.”

शांतलिंग हलवायानं दुकानातून पेढ्याचा पुडा आणला. बलभीमच्या तोंडात इतक्या जणांनी पेढे कोंबले, की त्याला बराच वेळ बोलता येईना. गुंडाप्पांनी तर मिरवणुकीचा मार्गही ठरवून टाकला.

घरी जाताना कडूबाई पुढं आणि बलभीम मागं. एवढ्या वर्षांचं किटाळ गेलं, आता बायको गोड काहीतरी बोलेल, असं त्याला वाटत होतं. दगडी आडापाशी आल्यावर ती थांबली.

“तवाच सांगायचं व्हतं.”

“नव्या नवरीला पँटीचं कसं सांगू? मंग ऱ्हाऊनच गेलं.”

कडूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती चालू लागली.

“माझ्या शालूला पिनाच पिना व्हत्या,” ती म्हणाली. “मागितली असती, तर एक दिली असती की.”