खुडूक कोंबडी आणि बोरकुटे सर

बोरकुटे सरांशी हात मिळवणाऱ्या माणसाला, आपण कुठल्या झाडाने मरतो, ते दोन-चार दिवसांत कळायचं. हात सुटताच सर खिशातून कापसाची काडी काढून त्याच्या तळव्यावरून फिरवायचे. चामोर्शीच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी मराठी. घरंही शेजारी. ही नव्वदीच्या अखेरीची गोष्ट.

काडीवरचे जंतू सर काचेच्या बशीत वाढवायचे. मग एटापल्लीच्या जंगलातून आणलेल्या सालीपाल्याच्या अर्कात कागदाची टिकली भिजवून मधोमध ठेवायचे. टिकलीभोवती जंतू मेले की स्वच्छ गोल उमटतो. गोल मोठा तितकं झाड जालीम. इथवर सगळं शास्त्र होतं. पण बशीवर ते जंतूचं नाव न लिहिता माणसाचं लिहायचे आणि निकाल चहाच्या टपरीवर जाहीर करायचे.

"प्राचार्य धावड्यानं गेले," बिस्कीट बुडवत ते सांगत, "पन निंबाले दाद देत नाई."

प्राचार्यांनी बोलावून चांगलंच झापलं. सर बाहेर आले ते खुशीत, कारण येताना दाराच्या कडीवरचा नमुना मिळाला होता. हेडक्लार्कचे जंतू कशानेच मरेनात, तेव्हा त्या गृहस्थाने पेढे वाटले. माझे साध्या तुळशीने गेले. स्टाफरूममध्ये त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

एका डिसेंबरात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. जंतू उबवायची विजेची पेटी बंद पडली आणि थंडी तर मी म्हणत होती. दुपारी सर स्वेटरच्या आत काहीतरी धरून आमच्या अंगणात आले. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमची कोंबडी खुडूक आहे म्हने?"

बायकोने त्याच आठवड्यात कोंबडी अंड्यांवर बसवली होती. बशी तिच्याखाली उबवायला ठेवायचा सरांचा बेत ओळखून तिने साफ नाही म्हटलं. माझी कोंबडी पिल्लं काढेल, रोगराई नाही. कोणाची बशी, प्राचार्यांची का, असं मी चिडवलं.

सर हसले नाहीत. "मालूची आहे," म्हणाले.

मालतीबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"दवाखान्यात नेलं, त्याच्या आदल्या दिवशी तिच्या हातावरून जंतू घेतले होते. एक बशी वाळाच्या आधी नव्या बशीत लावतो. कालच लावले. ऊब नाई भेटली तं धरत नाई."

मी मूर्खासारखं विचारलं, हे कुठल्या झाडाने मेले?

"यायच्यावर काईच नाई टाकलं. नुसतं खाऊ घालून राह्यलो."

 बायको टोपलीशी गेली आणि तिने कोंबडीखालची दोन अंडी पदरात काढून घेतली. "ठेवा भाऊ," म्हणाली.

कोंबडीने सरांचा हात चांगलाच टोचला. त्यांनी तो मागे घेतला नाही. बशी अलगद आत सरकवली आणि तिथेच उकिडवे बसून कोंबडीला म्हणाले, "हळू बस वो बाई."