मागचं कोण बघणार

शेजारच्या गाडीला तिसऱ्यांदा धक्का लागला तर आपली पार्किंगची जागा आपण सोडू, असं उत्तम साटमांनी सोसायटीला स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं. ठाण्याच्या नौपाड्यात पार्किंगची जागा सोडणं म्हणजे काय, हे नौपाड्यात राहणाऱ्यालाच कळेल. शेजारची गाडी चेअरमन गॅब्रिएल यांची. पहिल्या धक्क्याला ते "होतं असं" म्हणाले, दुसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत, आणि ते काही न म्हणणंच उत्तमरावांना जास्त लागलं. म्हणून ते पत्र.

गंमत अशी, की त्याआधी एकोणीस वर्षं उत्तमराव त्याच जागेत रिव्हर्सनं गाडी लावत होते आणि कुठे ओरखडा नव्हता. दोन्ही धक्के गेल्या दोन महिन्यांतले, म्हणजे बायकोच्या, शीलावहिनींच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यानंतरचे. तोवर वहिनी फाटकाशीच गाडीतून उतरायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. त्यांनी डिकीवर एक थाप मारली की गाडी मागे यायची, दोन मारल्या की जागच्या जागी थांबायची. आता डॉक्टरांनी त्यांना पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, हे अख्ख्या सोसायटीच्या लक्षात आलं होतं. उत्तमरावांनी निष्कर्ष काढला, की गाडीला सेन्सर हवेत.

डोंबिवलीचा पुतण्या मितेश म्हणाला, कॅमेरा. सेन्सर नुसता ओरडतो, कशाला ओरडतोय ते सांगत नाही. कॅमेऱ्यात मांजरसुद्धा दिसतं. यावर उत्तमरावांचं म्हणणं, गाडी चालवताना नाकावर लांबचा चष्मा असतो, तो इवलासा पडदा बघायला जवळचा लागणार, मग दरवेळी रिव्हर्स टाकण्याआधी चष्मा बदलायचा की काय? मितेशनं अतिशय नम्रपणे विचारलं, की सेन्सरची पीप-पीप काकांना ऐकू येईल ना. त्यानंतर आठ दिवस काका-पुतणे एकमेकांना व्हिडिओ पाठवत राहिले. शेवटी वहिनींनीच निकाल दिला, की दोन्ही बसवा आणि विषय संपवा.

दोन्ही बसले आणि पुढचे चार दिवस गाडी निमूट जागेत गेली. उत्तमराव भारावून गेले. जिन्यात भेटेल त्याला ते सांगायचे, की आता मागचं बघायला माणूस लागत नाही. वहिनी गॅलरीत बसून ऐकायच्या आणि शेंगा सोलायच्या.

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुऊन पूजेसाठी फाटकाबाहेर उभी केली. दसऱ्याला हत्यारं पूजायची, आणि ज्यांनी आपली जागा वाचवली ती हत्यारं विसरून कसं चालेल? उत्तमरावांनी बॉनेटची पूजा घाईनं उरकली आणि ते मागे आले. बंपरमधल्या चारही सेन्सरना त्यांनी हळदकुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. कॅमेऱ्याच्या काचेवर ठसठशीत कुंकू टेकवलं, त्यावर दोन अक्षता. मग डिकीपासून बंपरवर झेंडूचा दुहेरी हार सोडला. गॅब्रिएल आपली पंधरा दिवसांची नवी गाडी आत लावून कौतुकानं बघत होते. दुपारी त्यांना साटमांकडे श्रीखंड-पुरीचं आमंत्रण होतं. त्यांच्या गाडीवर फादरनी पाणी शिंपडलं होतं, पण एवढी सेवा त्यांनी कुठल्याच गाडीची पाहिली नव्हती.

उत्तमरावांनी रिव्हर्स टाकला. पीप-पीप झालीच नाही, एक अखंड पीऽऽऽ सुरू झाली. सेन्सरच्या अगदी समोर झेंडू लोंबत होते, त्यामुळे त्यांच्या मते गाडी आधीच भिंतीला टेकलेली होती. पडद्यावर लालभडक गोळा आणि त्यात दोन तांदूळ. मागे रिक्षांची रांग लागली.

"थांबा काका, रुमालानं पुसतो," सणाला आलेला मितेश म्हणाला.

"पुसू नकोस," गॅलरीतून वहिनींचा आवाज आला. "सणाचं कुंकू पुसतात होय? हारही काढायचा नाही. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. तुझे काकाच सांगतात दरवर्षी."

हे खरं होतं. याच नियमावर उत्तमरावांनी दर दसऱ्याला नळाचा पाना हातात घ्यायचं टाळलं होतं. पूजा गाडीचीही झाली होती, पण ती रस्त्यावर सोडता येत नव्हती. मितेश मागे उभा राहून "लेफ्ट, लेफ्ट, तुमचा नाही, माझा" असं सांगू लागला. गॅब्रिएल आपल्या गाडीसमोर हात पसरून उभे राहिले आणि चार फूट अंतर असतानाच "बस, बस" म्हणू लागले.  लिहून दिलेलं पत्र उत्तमरावांना सहीसकट दिसायला लागलं.

आणि वरून आवाज आला. ठक.

वहिनी गॅलरीत स्टुलावर पोळपाट ठेवून पुऱ्या लाटत होत्या. हातातलं लाटणं त्यांनी कठड्यावर आपटलं होतं. उत्तमरावांचा पाय आपोआप ब्रेकवरून निघाला. एका ठोक्याला मागे यायचं, दोन ठोक्यांना थांबायचं, हे एकोणीस वर्षं अंगात मुरलेलं होतं. खरं सांगतो, ते बघण्यासारखं होतं. दुखऱ्या गुडघ्याची ती बाई जागची न हलता, एका लाटण्यावर, अख्खी मोटार खांब आणि नव्या कोऱ्या गाडीच्या मधून आत ओढून घेत होती. ठक. ठक. मग ठक-ठक, आणि गाडी थांबली.

गॅब्रिएलनी दोन गाड्यांच्या मधे हात घालून पाहिला. पुढे वीतभर, मागेही वीतभर. त्यांनी वर बघून हात जोडले. "वहिनी, गुडघा बरा झाला की माझी गाडीपण तुम्हीच लावायची."

उत्तमराव तबक घेऊन वर आले. लाटण्याला त्यांनी हळदकुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं. डोळे भरून आले होते.

"इतके दिवस भलत्याचीच पूजा करत होतो गं," ते म्हणाले.

वहिनींना मनापासून बरं वाटलं. त्यांनी लाटणं कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं. अजून चाळीस पुऱ्या लाटायच्या होत्या, त्याचं काय, असं उत्तमरावांनी विचारलं.

"पूजलेलं हत्यार," वहिनी म्हणाल्या.

उत्तमरावांनी गाडीच्या किल्लीकडे पाहिलं, मग खुंटीवरची पिशवी घेतली आणि पुऱ्या आणायला पायी निघाले. ते फाटकाशी पोचले तोच वरून ठक-ठक ऐकू आलं. ते एक पाय उचललेला तसाच धरून जागच्या जागी थांबले.

"श्रीखंडपण आणा," वहिनी म्हणाल्या. लाटणं त्यांच्या हातात होतं. बंदी फक्त पुऱ्या लाटायला होती.