उपरण्याखालचा भाव

वसुलीवाल्यांचा फोन आला की माणसं मोबाइल उशीखाली दडवतात. आमच्या शेजारचे मन्मथअप्पा तो मागून घेतात. "दे इकडं, कोन हाय बगू," म्हणत ओट्यावर मांडी घालतात आणि पलीकडचा माणूस दम द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच विचारतात, "गाव कोनतं बाबा तुझं? जेवलास का?"

वसुलीवाल्याला हा प्रश्न जन्मात कुणी विचारलेला नसतो. तो गडबडतो. कायदेशीर कारवाई राहते बाजूला आणि बिचारा डब्यात कोणती भाजी होती ते सांगू लागतो.

अप्पांची सत्तरी उलटलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर उपरणं. सगळी हयात उदगीरकडच्या जनावरांच्या बाजारात दलालीत गेली. आता लातुरात आमच्या गल्लीत एकटेच राहतात. बायको वारली, मुलगा पुण्यात. बाजार सुटला, पण भाव करायची खोड काही सुटली नाही. औषधाच्या दुकानदारानं छापील किंमत दाखवली तर म्हणतात, "ते छापनाऱ्याचं झालं. तू काय म्हनतोस ते बोल." डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर अप्पांनी घासाघीस करून त्या तीन दिवसांवर आणल्या. चौथ्या दिवशी ताप परत चढला तेव्हा कण्हत म्हणाले, "सौदा जरा जास्तच ताणला गेला."

आता माझं रडगाणं. माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. लातुरात शिकवण्या आहेत तोवर गुणवंतांचे फोटो छापावेच लागणार, या भरवशावर मी सढळ हातानं उधारी दिली आणि शाई, कापड सगळं क्रेडिट कार्डावर आणलं. दोन शिकवण्या बंद पडल्या. चौकात हसणारी मुलं तेवढी राहिली, पैसे देणारे सर गेले. मग एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून भरायचा उद्योग मी सुरू केला. त्या काळात मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

वकिलांनी दोन रस्ते सांगितले. पहिला, कोर्टात अर्ज करून नादार जाहीर व्हायचं. पण मग माझ्या मशीनसकट सगळ्या चीजवस्तूंची यादी कोर्टापुढे जाणार, आणि प्रकरण कधी संपेल याचा नेम नाही. दुसरा, बँकेशी तडजोड करायची. ठरलेली रक्कम भरली की बाकीची बँक सोडून देते, पण नावावर तसा शेरा बसतो आणि पुढं बरीच वर्षं कुणी कर्ज देत नाही. मी नादारीकडे झुकलो होतो. तडजोडीसाठी कुणासमोर तरी बसावं लागणार होतं, आणि मला कुणाच्याही नजरेला पडायचं नव्हतं.

अप्पांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. "मशीन गेलं तर खाशील काय? नादारी ज्याच्यापाशी काईच उरलं न्हाई त्याच्यासाठी हाय. तुझं मशीन चालून राहिलं, हातपाय धड हायत. शेरा बसला तर बसू दे. मी मोडक्या शिंगाचा बैल इकलाय. लई वर्सं औत ओढलं त्यानं."

तेव्हा रोज अकराच्या सुमाराला एका मुलीचा वसुलीचा फोन यायचा. "सर, पेमेंट कब करेंगे?" अशी कडक सुरुवात. अप्पांचं आपलं एकच, "करतो माय, पर गाव कोनतं तुझं?" तीनचार दिवस तिनं दाद दिली नाही. मग एकदा हळूच म्हणाली, "भोकर."

"मग हिंदी कामून झाडून राहिलीस? जेवलीस का?"

जेवली नव्हती. हैदराबादला खोली करून राहायची आणि सकाळी उपाशीच कामावर यायची. अप्पांनी तिला असं झापलं की कर्ज माझं आहे की तिचं, हे ऐकणाऱ्याला कळू नये. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, तुमच्या शाखेत तडजोडीचे अर्ज घेऊन राहिलेत. सवता जाऊन भेटा. आन कागद हातात आल्याबिगर एक रुपया भरू नका."

गेलो. तिशीतले एक साहेब होते. मी मान खाली घालून बसलो. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, साहेबांच्या टेबलावरच्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली सरकवला.

साहेब ताडकन उठले. "अहो आजोबा, काय देऊन राहिलात? वर कॅमेरा हाय! नोकरी जाईल माझी!"

सगळी शाखा आमच्याकडे वळली. दारावरचा पहारेकरी धावत आला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पा शांत.

"देत न्हाई साहेब, मागून राहिलो. आमच्या बाजारात भाव तोंडानं करत न्हाईत, उपरण्याखाली बोटं धरून करतात. जनावर इकायला येतो तो मानूस अडलेला असतो. त्याची अडचन चारचौघांना कामून कळावी?"

साहेब खाली बसले. इतका वेळ ते संगणकाकडे बघून बोलत होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठून काचेचं दार लावलं, आवाज उतरवला आणि चक्क हात पुढं केला. "धरा. हे किती झाले?"

"चार आने."

"रुपयात चार आण्याला वरून मंजुरी येत न्हाई आजोबा."

बराच वेळ उपरणं हलत राहिलं. शेवटी निम्म्याहून जरा कमी रकमेवर, तीन हप्त्यांत ठरलं. कागद आधी, पैसे नंतर. सौदा झाल्यावर वर काहीतरी घ्यायचंच, या नियमानं अप्पांनी भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर उतरवून घेतलं.

देवाच्या दयेनं लग्नसराई आणि निवडणूक एकदमच आली. मशीनला आणि मला झोप मिळाली नाही, पण तिन्ही हप्ते फिटले. फोन थांबले. मला हलकं हलकं वाटू लागलं.

अप्पा मात्र अकरा वाजता ओट्यावर येऊन बसलेच. "फोन न्हाई का आला?"

"आता नाही येणार अप्पा. मिटलं."

"हाव. मिटलं," म्हणाले आणि बसून राहिले.

माझं लक्ष त्यांच्या खिशातल्या मोबाइलकडे गेलं. इतक्या महिन्यांत तो वाजलेला मी ऐकला नव्हता. मुलगा दरमहा न चुकता पैसे पाठवतो, तेव्हा मेसेज तेवढा येतो. मला फार वाईट वाटलं.

आठवडाभरानं माझा फोन वाजला. तीच मुलगी होती. "काका, तुमचं खातं बंद झालं. पत्र निघालं." मी तिचे मनापासून आभार मानले. तरी तिनं फोन ठेवला नाही. "आजोबा हायत का? त्यांना सांगायचं होतं, मी जेवूनच कामावर आले."

मी पळतच ओट्यावर गेलो. अप्पांनी फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं, उपरण्याच्या टोकानं डोळे टिपले. मग म्हणाले, "माझा लंबर लिवून घे माय." आणि माझ्याकडे वळून, "किती हाय रे माझा लंबर?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी दुकानाला निघालो होतो. अप्पांच्या खिशातला फोन वाजला, आणि त्यांनी कसलाही भाव न करता तो पहिल्याच घंटीला उचलला.