आबांची हवा

आमच्या इमारतीत 'हवा गेली' हे दोन शब्द आबांच्या कानावर पडू द्यायचे नाहीत, असा अलिखित नियम आहे. सायकलच्या चाकातली गेली तरी पोरं 'टायर बसला' म्हणतात. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण एखाद्या वाक्प्रचाराची इतकी धास्ती कुणी घेतलेली पाहिली नव्हती.

कारण साधं आहे. कात्रजच्या पलीकडच्या या गावाचे आबा पंधरा वर्षं सरपंच होते. गाव महापालिकेत गेलं आणि सरपंचपद संपलं. जुन्या ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसलेला कुणी बबन म्हणाला, "आबाची हवा गेली." बबन विसरला, आबा विसरले नाहीत. त्यांच्याच शेतावर आमची इमारत उभी आहे आणि कसबा पेठेतून इथे राहायला आलेल्या मला ते अजून पाहुणाच समजतात. "गुरुजी, तुमचा संडास हाय ना, तिथं आमची हीर हुती," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, मी त्यांच्याकडे चहा पीत असताना सांगितलं.

अशा माणसाने भलीमोठी गाडी घेतली आणि तिच्या सीटमध्येच हवा निघाली. बटण दाबलं की गादी फुगते, कंबरेला आधार मिळतो आणि बसणारा चार बोटं वर येतो. गाडी घेताना आबांनी इंजिनाची चौकशी केली नाही की रंगाची. "कंबरंला आधार ऱ्हातो ना?" एवढंच विचारलं. मी इमारतभर सांगत सुटलो, की खुर्ची गेलेल्या माणसाला अखेर वर उचलणारी खुर्ची मिळाली. चौथ्या मजल्यापर्यंत लोक हसले. मलाही माझं वाक्य आवडलं होतं.

तर या गाडीची उजवी सीट ठणठणीत होती. डावी, म्हणजे आबांच्या पत्नीची, हवा धरेना. फाटकातून निघताना टम्म फुगलेली सीट जुन्या कट्ट्यापर्यंत चपटी व्हायची. वहिनी मुळातच आबांपेक्षा उंच. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा फोटोग्राफरने वहिनींना खुर्चीत बसवून आबांना शेजारी उभं केलं आहे. तरीही गाडी बाजारातून परत यायची तेव्हा वहिनी शिक्षा झाल्यासारख्या खाली रुतलेल्या दिसायच्या.

बिबवेवाडीच्या गॅरेजमधला तरुण म्हणाला, "सर, बेसिकली लेफ्टची हवा गेलीये."

आबांनी चष्मा काढला. "कुनाची?"

"सीटची, सर."

"मग आधी सीट म्हन."

तक्रारअर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण 'पेठंतलं मराठी बरं टोचतं' असा त्यांचा अनुभव. 'डाव्या आसनातील हवेने प्रस्थान केले आहे' असं मी लिहिलं. आबांनी ते दोनदा वाचलं. "प्रस्थान नको. त्येबी गेल्यावानीच वाटतंय." शेवटी 'डाव्या आसनात हवेची अनुपस्थिती आढळते' यावर आमचं एकमत झालं.

गॅरेजवाल्यांनी पंप बदलला, नळ्या बदलल्या, आतली रबरी पिशवी बदलली. गाडी दोन दिवस ठेवून घेतली, सीट तसूभरही उतरली नाही. वहिनी बसल्या, आणि कट्टा येईपर्यंत पुन्हा चपटी. मग आबांनी उपचार हातात घेतला. पंक्चर काढताना करतात तसं साबणाचं पाणी करून चामड्याच्या सीटवर ओतलं आणि बुडबुड्याची वाट बघत अर्धा तास उकिडवे बसले. सीटला कान लावून झाला. वहिनी खिडकीतून हे सगळं बघत होत्या.

एका सकाळी आबा माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. वहिनींची आई भोरच्या बाजूला राहते, नव्वदीची, तिने अंथरूण धरलं होतं आणि लेकीच्या नावाचा धोसरा घेतला होता.

"गुरुजी, जन्मभर खुरपून हिची कंबर गेली. दोन वर्सं झाली, म्हायेरी न्हेता येईना. एष्टीत बसवत न्हाई, रिक्षात बसवत न्हाई. म्हनून तर ही गाडी घेतली. आन् आता ही सीट अशी. तुमी मागं बसा. वर्गात कोन कुजबुजतं ते तुमाला बरोब्बर कळायचं. हवा कुठनं जाती तेवढं ऐका."

हवा 'जाते' हे ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले. चौथ्या मजल्यापर्यंत पोचवलेलं माझं वाक्य आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही निघालो. कट्टा समोर दिसू लागला तेव्हा 'फुस्स' असा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. पदराखाली वहिनींचा अंगठा हवा सोडायच्या बटणावर होता.

"गुरुजी, आला का आवाज?"

"आला," मी म्हणालो.

"मीच सोडते," वहिनी म्हणाल्या.

आबांनी गाडी कडेला घेतली.

"अवो, हवा भरली की मी तुमच्यापरास उंच दिसते. कट्ट्यावर मानसं बसल्याली असत्यात. आदीच काय काय बोलत्यात तुमाला. त्यात बायकू वर आन् तुमी खाली, बरं दिसतं का?"

"आन् कंबर?"

"तिला सवय हाय दुखायची."

आता ओरडा बसणार म्हणून मी अंग चोरलं. पण आबांनी हात खाली नेऊन स्वतःच्या सीटचं तेच बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. लांबलचक आवाज झाला. आबा हळूहळू खाली गेले, मागून मला त्यांची फक्त टोपी दिसू लागली.

"भर आता तुझी. पुरती भर."

"अवो, म्होरलं दिसतंय का?"

"गाव माझंच हाय."

कट्ट्यापाशी त्यांनी गाडी मुद्दाम थांबवली आणि काच खाली केली. बबन उठून आला. त्याला आधी वहिनी दिसल्या, मग त्याने मान खाली घालून आबांना शोधून काढलं. "आबा, हवा गेली का काय?"

मी डोळे मिटून घेतले.

"गेली न्हाई," आबा म्हणाले. "सोडली. मी सोडली."

जाणे अकर्मक, सोडणे सकर्मक. तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलो आहे.

बबन मागे सरला. आबांनी काच वर केली आणि मान उंचावत गाडी घाटाकडे वळवली. वहिनी पाठ टेकून ताठ बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी आबांना पुढचा खड्डा सांगत होत्या.