मीठ कसं झालंय?

उपासाच्या दिवसांत दानियेलमामा रोज भरलेला डबा घेऊन कामावर यायचे. रांजणगावच्या कारखान्यात आम्ही दोघंही पॅकिंगला. जेवणाची सुट्टी झाली की ते डबा उघडायचे, झाकणात भाजी वाढायचे, भाकरी मोडायचे आणि सगळं माझ्यापुढे सरकवून स्वतः घटाघटा पाणी प्यायचे. मी पहिला घास घेतला रे घेतला की विचारायचे, "मीठ कसं झालंय?"

मामा ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, रविवार सोडून, सूर्य मावळेपर्यंत अन्नाचा कण नाही. कुणी साबुदाण्याचं विचारलं तर उसळून म्हणायचे, "आमच्यात तसली सोय न्हाई!" पोट गुरगुरलं की मशीनवर खापर फोडायचे. पहिल्याच दिवशी संध्याकाळी घरी जायला कंपनीच्या बसमध्ये चढताना मला म्हणाले, "एक झाला. एकुणचाळीस राहिले. झालंच की!" विसाव्या दिवशी डोळे खोल गेले, पट्टा दोन भोकं आत गेला, तरी आपलं 'झालंच की'. सकाळचा चहा चुकला तर माझा अख्खा दिवस वाईट जातो. मला त्यांचा रागच यायचा.

डब्याचं त्यांनीच एकदा सांगितलं. शिरूरला घरी एस्तेरमामी हृदयाच्या दुखण्यानं खंगल्या होत्या. फार आशा धरू नका, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते. उपास त्यांच्यासाठी होता.

"पर तिला कळलं तर तीबी उपाशी ऱ्हाईल. म्हनून सांगितलंय, मशीनवरचं काम हाय, पाळकसाहेबांनी मला सूट दिली. रोज संध्याकाळी इचारती, मीठ कसं झालतं? म्हनून तुला इचारतो."

मी जबाबदारीनं जेवू लागलो. सव्विसाव्या दिवशी वांग्याच्या भाजीत मिठाचा पत्ता नव्हता. आजारी बाईच्या हाताला कशाला नावं ठेवा, म्हणून म्हणालो, "झकास!"

दोन दिवसांनी डबा आला नाही. मामी अंथरुणाला खिळल्या होत्या. मी भेटायला गेलो. मामा चहा टाकायला आत गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, वांग्यात मी मुद्दाम मीठ घातलं न्हवतं. हे येऊन म्हनले, झकास. तवाच वळखलं, माझ्यापायी उपाशी ऱ्हात्यात."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"त्यास्नी सांगू नका," मामी म्हणाल्या. "मी बरी हुईन असं वाटतंय त्यांना. वाटू द्या."

पाच दिवसांनी मामी गेल्या.

पुढच्या आठवड्यात मामा कामावर आले. हातात डबा होता. आता उपास सोडला असणार, असं मी धरून चाललो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, झाकणात पिठलं वाढलं. गुठळ्यांचं, खालून करपलेलं, त्यांच्याच हातचं. जाडजूड भाकरी मोडली आणि सगळं माझ्यापुढे सरकवलं.

"मामा, अजून उपास?"

"चारच राहिले," ते म्हणाले. पुढचं 'झालंच की' आलं नाही.

मी घास घेतला.

"मीठ कसं झालंय?"

पिठलं अळणी होतं. 'झकास' ओठांवर आलं होतं, ते घासाबरोबर गिळलं.

"मीठच नाही, मामा."

"बरं. उद्या घालतो," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

ते करपलेलं पिठलं मी चाटूनपुसून संपवलं. संध्याकाळी रिकामा डबा घरी न्यायची त्यांना सवय होती.