आगीचे दोन रकाने

जंगलाला आग दोनच कारणांनी लागते. एक नैसर्गिक आणि दुसरं मानवी. तिसरंही एक कारण असतं, पण फॉर्मवर त्याला रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही ते सरकारदरबारी घडतच नाही.

हे ज्ञान शकुनबाईंना वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, कोलकात्यात बागबाजारच्या दुसऱ्या मजल्यावर, मटार सोलता सोलता झालं. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती (त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शाळेनंच त्यांना सोडलं, मास्तर घाबरट होता). पण मुलगा चारुदत्त केंद्र सरकारात साहेब, त्याच्या बदल्यांबरोबर सात शहरं पालथी घातलेली. सातही शहरांत मराठी मंडळाची होळी त्यांनीच पेटवली. एका काडीत. जिला दुसरी काडी ओढावी लागते तिनं चुलीपुढे बसू नये, असं त्यांचं मत होतं. सून तेजस्विनी गॅस लायटरनं पेटवते, हे त्या आल्यागेल्याला आवर्जून सांगत.

यंदा मंडळानं होळी जंगलात करायची ठरवली, कारण सोसायटीत धुराला परवानगी मिळेना. भोरडांग्याचं साल वृक्षांचं जंगल बसनं पाच तासांवर. फाल्गुनात सालाची पानं गळतात. गुडघाभर वाळका पाला बघून मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाशराव गहिवरले.

"काकू, बघा तरी! निसर्गानंच सगळी तयारी करून ठेवलीय."

(हे वाक्य पुढे अहवालात आलं. बोलणाऱ्याचं नाव आलं नाही.)

एकशे चार माणसं सालाच्या पत्रावळींवर पुरणपोळी जेवली. पत्रावळी जंगलालगतच्या गावातल्या सोनामणीनं टाचलेल्या. रानात पानं वेचायची, पत्रावळी टाचायच्या, गठ्ठे सियालदहच्या बाजारात पाठवायचे, यावर तिचं घर चालतं. दिवेलागणीला शकुनबाईंनी काडी ओढली. एक. होळी अशी पेटली की त्यांच्या मुद्रेवर सात शहरांचं समाधान पसरलं. प्रदक्षिणा झाल्या, बोंबा मारून झाल्या, आणि बसवाल्यानं हॉर्न दिला. बस एका दिवसाच्या बोलीवर होती.

इतक्यात सोनामणी दोन हातांत दोन बादल्या पाणी घेऊन आली. ती जे बोलली ते हिंदी आणि बंगालीच्या मधलं काहीतरी होतं, पण अर्थ सरळ होता. निघालात तर विझवून जा, वारा सुटलाय.

शकुनबाई कडाडल्या. "होळीवर पाणी ओततेस? अगं बये, होळी विझवायची नसते! ती आपली आपण शांत होते. सकाळी दूध घालायचं तिच्यावर, दूध!"

जयप्रकाशरावांनी भाषांतर केलं, "माताजी बोलती हैं, कल दूध डालेंगे."

सोनामणीनं बादल्या खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे चारही माणसं कोलकात्यात होती आणि दूध चहात होतं. जंगलातली टेकडी तोवर काळी झाली होती.

आगीचं कारण ठरवायला समिती बसली. तिचा सदस्य-सचिव चारुदत्त. घटनास्थळ आधी पाहिलेला साऱ्या खात्यात तो एकटाच अधिकारी होता, आणि अनुभवाची कदर झाली पाहिजे. एस्प्लनेडच्या ऑफिसात समितीच्या अकरा बैठका झाल्या. समितीनं आपली आकडेवारीही तयार केली : शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आगी माणसं लावतात, आणि उरलेल्या दोन ठिकाणी माणूस सापडत नाही, म्हणून त्या नैसर्गिक.

तो अहवाल नात चैत्राली आजीला वाचून दाखवत होती.

नैसर्गिक कारणं : पानगळ. वारा. फाल्गुन. वीज (त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, परंतु वीज पूर्वसूचना देऊन पडत नाही, याची समितीने नोंद घेतली). बांबूवर बांबू घासणे (सदर जंगलात बांबू नाही, जळून गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही).

मानवी कारणं : सोनामणी. सदर स्त्री घटनास्थळी सालाच्या फांदीसह व दोन्ही हात भाजलेल्या अवस्थेत आढळली. आगीशी तिचा संबंध हातांवरूनच सिद्ध होतो. शिवाय तिच्याजवळ पाण्याच्या दोन बादल्या मिळाल्या, म्हणजे आग लागणार याची तिला पूर्वकल्पना होती. तिचा जंगलात शिरण्याचा परवाना सात वर्षांसाठी रद्द.

"पण आजी," चैत्राली म्हणाली, "ती बाई तर विझवायला आला होता."

(चैत्राली इथल्याच शाळेत वाढली. तिच्या मराठीत बाई आणि बुवा एकाच पंगतीला बसतात. माणूस मात्र ती बरोबर ओळखते.)

शकुनबाईंचे मटार थांबले. संध्याकाळी चारुदत्त बूट काढतो न काढतो तोच त्यांनी गाठला.

"चारू, आग कुणी लावली?"

"आई, ते समितीनं ठरवलंय."

"काडी कुणी ओढली?"

"आई, आत्ता आलोय मी..."

"किती काड्या?"

"एक."

"मग लिही माझं नाव! एका काडीत पेटवली मी, आणि लिहायचं काय, तर वारा?"

चारुदत्तनं समजावलं. मानवी कारण म्हणजे पोटासाठी जंगलात शिरतो तो माणूस. बस करून जातो तो पर्यटक. त्याची नोंद उत्पन्नात होते. दुसरं असं की होळी पंचांगाप्रमाणे येते. पंचांगाप्रमाणे येतं ते ऋतुमान, आणि ऋतुमान नैसर्गिक. "फाल्गुन म्हणजे तूच आहेस, आई. वाऱ्याच्या खाली आणि विजेच्या वर."

खोटं कशाला सांगा, क्षणभर शकुनबाईंना बरं वाटलं. विजेच्या वर कोण बसवतं हल्ली म्हाताऱ्या बाईला?

"आणि तिचे हात?" त्या म्हणाल्या.

"दोन्ही रकाने भरल्याशिवाय अहवाल दाखल होत नाही गं. एक नाव काढलं तर तिथे दुसरं घालावं लागेल." तो मोज्यांकडे बघत म्हणाला, "तिथे मीही होतो, आई."

(मराठे येतील म्हणून पावणेतीनशे वर्षांपूर्वी या बागबाजारपासून खंदक खणला होता. भोरडांग्याला ती सोय नव्हती.)

अहवालाच्या तळाशी एक ओळ होती. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. शकुनबाईंनी चैत्रालीच्या वहीचं पान फाडलं. दुसरीपर्यंतचं अक्षर, सहा दिवस लागले. मजकूर असा :

"होळी मी पेटवली. ती बाई पाणी घेऊन आली, मी तिला ओरडले. दूध घालीन म्हणाले, घातलं नाही. हात तिचे भाजले. नाव माझं लिहा. शकुन."

कागद घेऊन त्या नातीबरोबर मेट्रोनं एस्प्लनेडला गेल्या. कारकून अत्यंत सज्जन. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला आणि अडचण सांगितली. ऑफिसला बंगाली, हिंदी, इंग्रजी चालतं. हे मराठी. ऑफिसात मराठी वाचणारा एकच माणूस, सदस्य-सचिव; पण हरकत त्याच्या आईची, तेव्हा त्यानं ती वाचणं नियमात बसत नाही. (नात अल्पवयीन आणि नातलग, म्हणजे दोनदा अपात्र.) मात्र मराठी वाचता येणाऱ्या वीस माणसांनी, हे आम्ही वाचलं आणि हे खरं आहे, असं लिहून सही केली, तर विचार होईल.

शकुनबाई हसतच बाहेर पडल्या. वीस? मंडळात एकशे चार!

कागद घरोघर फिरला. सगळ्यांनी वाचला. जयप्रकाशरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काकू, काय लिहिलंय! मंडळाच्या अंकात पहिल्या पानावर घेऊ." मंडळातली अश्विनी म्हणाली, "बाई गं, अंगावर काटा आला," आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याखाली एकोणसत्तर जणांनी हात जोडले. (भाजलेले एकाचेही नव्हते.) सहीचं मात्र कुणाला घरी विचारायचं होतं, कुणाची बदली तोंडावर होती, कुणी फक्त बोंबा मारायला गेलं होतं, कुणाजवळ पेनच नव्हतं.

"मेल्यांनो, पुरणपोळी खाताना घरी विचारलं होतं का?" शकुनबाई म्हणाल्या. त्यालाही हात जोडले गेले.

आज एकोणतिसावा दिवस. सह्या तीन : तेजस्विनीची (नातलग, म्हणजे एकदा अपात्र; पण सासूबाईंनी त्या दिवसापासून लायटरचा विषय काढलेला नाही), शकुनबाईंची स्वतःची (ती धरणार नाहीत), आणि चैत्रालीची, दोनदा अपात्र.

कागद फिरत फिरत आता आपल्याकडे आला आहे, आणि तो आपण वाचलात. मराठी वाचता येत नाही, हे कारण आता गेलं. छान लिहिलंय, एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या, ते पुष्कळांनी म्हणून झालंय. पेन नव्हतं म्हणालात तर शकुनबाईंनी कागदाला दोऱ्यानं बांधून पाठवलं आहे.