मेक्सिकोची चव कोण बघणार?

सदानंद टिकेकरांच्या हातात मेक्सिकोची चिठ्ठी आली आणि तिथेच सगळं बिनसलं.

वर्ल्ड कप तीन आठवड्यांवर आला होता. दोहातल्या प्रत्येक ऑफिसला काहीतरी करून दाखवायची हुक्की आली होती, तशी मुशैरिबमधल्या टिकेकरांच्या ऑफिसलाही आली. बारा जणांनी बारा देशांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, चिठ्ठीवर लिहिलेला पदार्थ घरी करायचा आणि शनिवारी फॅमिली डेला आणायचा. पहिल्या नंबराला मॅचची दोन तिकिटं. टिकेकरांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांची बारा वर्षांची नुपूर गेलं वर्षभर तिकिटांच्या वेबसाइटवर रांग लावून हात हलवत परत येत होती. ती नुसतं "बाबा, प्लीज!" म्हणाली आणि बाबा पेटले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, सॉसेज आणि बटाटा. आता आली का पंचाईत! टिकेकरांच्या घरात अंड्याचा केकसुद्धा कधी शिरलेला नव्हता.

"हे बघा," कमलिनीबाईंनी नवऱ्याला बजावलं, "ती कढई उंबऱ्याच्या आत आली, तर मी पुढच्या विमानाने नाशिकला."

"अगं, नुपूरसाठी करतोय."

"मग नुपूरसाठी अंगणात करा."

मदिनत खलीफातल्या त्यांच्या व्हिलाचे मालकाने पाच भाग करून पाच बिऱ्हाडांना दिले होते, अंगण तेवढं सगळ्यांचं. शनिवारी सकाळी तिथे विजेची शेगडी आली, नवी कोरी कढई आली आणि कुंडीला टेकवून मोबाइल उभा राहिला. मोबाइलमधली बाई सांगत होती की हा पदार्थ पंधरा मिनिटांत होतो. सॉसेज कोंबडीचं होतं, कारण उरलेल्या दोन प्रकारांपैकी एक दुकानात नव्हता आणि दुसरा मनाला पटत नव्हता. टिकेकरांनी चिमट्यात धरून, तोंड वळवून, कात्रीने त्याचे तुकडे केले. कांदा, लसूण, तिखट, व्हिनेगर, उकडलेले बटाटे. अंगणभर वास सुटला. मग मोबाइलमधली बाई म्हणाली, "आता चव घेऊन मीठ बघा."

टिकेकरांचा हात जागच्या जागी थांबला. हे कसं लागतं, हे त्यांना कसं कळणार? आणि न कळता तिकिटं कशी मिळणार?

तेवढ्यात शेजारचे इलियासभाई बाहेर आले. मूळ गाव खेड, इथे ड्रायव्हर. "टिकेकरसाहेब, आज तुमच्याकडे कोंबडी? बरे आहात ना?"

"इलियासभाई, देवासारखे आलात. जरा मीठ बघता का?"

इलियासभाईंनी तीन तुकडे बघितले. "कमी आहे."

टिकेकरांनी मीठ घातलं. "आता?"

"आता माझ्या जिभेवर भरवसा ठेवू नका, सिगारेटनी मेलीये ती. जन्नत! ए जन्नत, इकडे ये!"

जन्नतवहिनी आल्या त्या बशी घेऊनच. "अगोबाई, खारट झालं की हो! बटाटा घाला अजून, मीठ ओढून घेईल."

बटाटे घातले. मग पदार्थ मिळमिळीत झाला, म्हणून तिखट घातलं. तिखट जास्त झालं, म्हणून पुन्हा बटाटे घातले. प्रत्येक वेळी चव बघावी लागत होतीच, आणि बघणारा बटाटे बाजूला सारून सॉसेजच उचलत होता.

"बटाटापण खाऊन बघा की," टिकेकर काकुळतीला आले.

"बटाट्याचं काय बघायचं?" इलियासभाई म्हणाले. "बटाटा चांगलाच असतो."

शेवटी वॉचमन अबूबकर स्वतःचा चमचा घेऊन आला आणि कढईचा तळ ढवळून मान डोलावत म्हणाला, "साब, एकदम परफेक्ट!"

नुपूर तयार होऊन बाहेर आली. तिने कढईत वाकून पाहिलं. "बाबा, व्हेअर इज द सॉसेज?"

"चव बघण्यात गेलं," टिकेकर रडवेल्या आवाजात म्हणाले. कढई काठोकाठ भरलेली होती आणि सॉसेज खलास. दुकानात जायला वेळ नव्हता. होतं ते डब्यात भरून बापलेक निघाले.

परीक्षक होत्या एचआरच्या शैलजा मॅडम, पुण्याच्या. त्या हातात कागद घेऊन एकेक भांडं हुंगत, मार्क मांडत आल्या आणि टिकेकरांच्या डब्यापाशी त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"बटाट्याची भाजी! टिकेकर, अहो, सकाळपासून उपाशी आहे मी. हाच पहिला नंबर!" त्यांनी चमचा भरून तोंडाशी नेला.

टिकेकरांच्या डोळ्यांपुढे दोन तिकिटं नाचली. गप्प बसलं की झालं! नुपूरने त्यांची बाही घट्ट धरली. "बाबा, डोन्ट. प्लीज." पण मॅडम शाकाहारी आहेत हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या आपल्याला कुणी असं खाऊ घातलं तर?

"मॅडम, थांबा!" टिकेकर ओरडले. "त्यात सॉसेज नाहीये, पण होतं."

चमचा खाली आला. आजूबाजूला मराठी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून मॅडम हळूच म्हणाल्या, "टिकेकर, कुणाला सांगू नका. अकराही पदार्थांना मी वासावर मार्क दिलेत."

"मग परीक्षक व्हायला नाही म्हणायचं ना!"

"तुम्ही म्हणालात नाही?"

दोघंही डब्याकडे बघत राहिले. आता याची चव बघणार कोण? नुपूरने मॅडमच्या हातातला चमचा घेतला आणि सरळ तोंडात घातला.

"नुपूर!"

"पॅप्रिका कमी आहे," ती शांतपणे चावत म्हणाली. "ओरेगानो नाहीच. अँड बाबा, इट्स जस्ट भाजी."

"तुला काय गं ठाऊक?"

"स्कूल कॅन्टीन. एव्हरी वेन्सडे."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"यू नेव्हर आस्क्ड मी."

मॅडमना मात्र देव पावला. "ये गं बाळा! बाकीचे अकराही खाशील? मला कानात सांग, मी लिहिते."

नुपूरने अकराही पदार्थ मन लावून खाल्ले. मोरोक्कोला पैकीच्या पैकी दिले. यादीत मेक्सिको उरला तेव्हा ती वडिलांकडे बघून थांबली. तिचे डोळे भरून आले. "लास्ट," ती म्हणाली. "सॉरी, बाबा."

तिकिटं मोरोक्को आणणाऱ्या, अकाउंट्सच्या देवव्रतला गेली. टिकेकरांना आधी भयंकर राग आला. पण तोंड आधी उघडलं कुणी होतं? रागवायला जागाच नव्हती. उलट पोरीचं फार कौतुक वाटलं.

परतताना सिग्नलला ते म्हणाले, "आईला कॅन्टीनचं अवाक्षर बोलायचं नाही हं. तिला सहन व्हायचं नाही."

नुपूर खिडकीतून रस्त्यावरचे झेंडे बघत होती. "बाबा, वेन्सडेला आई मला डबा देतच नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. "म्हणजे?"

"तीच म्हणाली, बाबांना बोलू नकोस. त्यांना सहन व्हायचं नाही."